पाण्यातली ठिणगी

माणसाच्या हाताला एकदा नाव मिळालं की त्याच्या डोळ्यांची चौकशी कोणी करत नाही. माझ्या वडिलांचं, म्हणजे नानांचं, तसंच झालं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, त्यांतली रस्त्याकडची त्यांची. खिडकीला लागून टेबल, पडलेला स्क्रू खाली घरंगळू नये म्हणून टेबलाच्या तिन्ही कडांना ठोकलेली लाकडी पट्टी, उजव्या डोळ्याला भिंग, आणि भिंग काढल्यावरही बराच वेळ डोळ्याभोवती राहणारं लाल वर्तुळ. त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही, शिंक आली तर बाहेर पळायचं, आणि मे महिन्याच्या काहिलीतसुद्धा पंखा लावायचा नाही, कारण केसाएवढी स्प्रिंग उडून जाते. "यांच्या घड्याळांना थंडी वाजते," आई म्हणायची आणि पदराने वारा घेत स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत बसायची. दुसऱ्या खोलीत मी आणि माझा अभ्यास. घरात आम्ही तिघंच होतो, आणि भिंतीवर, टेबलावर, खणांत मिळून निदान तीस घड्याळं. ती सगळी एकदम चालायची. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला तो आवाज सहन व्हायचा नाही. आम्हाला तो ऐकूच यायचा नाही.

मग सेलवर चालणारी घड्याळं आली. बिघडली की लोक ती टाकून देऊ लागले आणि नानांच्या टेबलावर ऊन पडून राहू लागलं. ते कोणाकडे तक्रार करणाऱ्यांपैकी नव्हते. रोज सकाळी नऊ वाजता भिंग लावून बसायचे आणि काही नसलं तर घरचंच घड्याळ उघडून, पुसून, तेल घालून परत बंद करायचे. एकच घड्याळ आठवड्यात दोनदा. आई ते बघायची. जेवायला वाढताना आमटी त्यांच्या ताटात जरा जास्त पडायची. घरातल्या घड्याळांची संख्या कमी होत गेली तेव्हा मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला, कारण तो थांबत चालला होता.

डॉक्टर सबनीस आमचा जिना चढून आले ते त्यांच्या वडिलांचं जुनं मनगटी घड्याळ घेऊन. सदाशिव पेठेत त्यांचं मुतखड्याचं हॉस्पिटल होतं. माणूस उंच, बारीक, बोलायला तोडून बोलणारा. नानांनी घड्याळ दुरुस्त केलं, डॉक्टरांनी ते कानाला लावलं, आणि आठवडाभराने ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेली एक वस्तू होती. बोटभर लांबीची, पितळेची, टोकाला लहानसा पिंजरा आणि पिंजऱ्यात समोरासमोर दोन पोलादी टोकं, मध्ये बारीकसा गॅप. टोकं जळून बोथट झालेली.

"हे आमच्या मशीनचं इलेक्ट्रोड," डॉक्टर म्हणाले. "परदेशातून येतं. एका पेशंटला एक. कधी दोन. संपलं की मी हात जोडून नवीन येण्याची वाट बघतो, आणि पेशंट कळवळत वाट बघतात."

नानांनी भिंग लावलं आणि बराच वेळ ते उलटसुलट करून पाहिलं. "ठिणगी पडते?"

"पाण्यात."

"पाण्यात?" नानांनी भिंग काढलं. त्या दिवसापर्यंत मी त्यांना कामाच्या मध्येच भिंग काढताना पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग आमच्या टेबलावर आईची वाटी ठेवून समजावलं. वाटीसारखंच एक मोठं पितळी भांडं असतं, त्यात पाणी. तळाशी ही दोन टोकं. त्यांच्यामध्ये हजारो व्होल्टचा दाब सोडला की पाण्यातच वीज कडाडते. पाणी तिथल्या तिथे फाटतं, आणि पाणी दबत नसल्यामुळे तो दणका सगळीकडे धावतो. भांड्याचा आकार असा की सगळे दणके परत फिरून एकाच ठिकाणी एकवटतात, आणि त्या ठिकाणी पेशंटचा खडा येईल असं पेशंटला निजवायचं. कातडीला ओरखडा नाही. खडा आतल्या आत फुटतो, वाळू होते, लघवीतून निघून जाते. "आणि प्रत्येक ठिणगी पेशंटच्या हृदयाच्या ठोक्याला बांधलेली असते," डॉक्टर म्हणाले. "ठोका पडला की ठिणगी. नाहीतर हृदय बिचकतं." स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली आई म्हणाली, "माझी वाटी तेवढी परत ठेवा, कोशिंबीर करायचीय."

नानांनी जुनी टोकं काढली, पोलादाच्या तारेतून नवी घडवली, बसवली, गॅप मोजला. डॉक्टरांनी ते इलेक्ट्रोड मशीनला लावलं आणि संध्याकाळी स्वतः सांगायला आले की खडा फुटला. त्या दिवशी आईने शिरा केला. पुढची चार-पाच वर्षं आमचं घर या टोकांवर चाललं. टोकं बदलत एकाच इलेक्ट्रोडवर पाच पेशंट, कधी सहा. मी कॉलेजात जाताना हॉस्पिटलवरून गेले की त्या बंद खोलीतून आवाज यायचा. टाक्, टाक्, टाक्, लाकडावर लाकूड आपटावं तसा कोरडा. आत कोणाचं तरी हृदय चाललं आहे आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला नानांच्या टोकांवर ठिणगी पडते आहे, या विचाराने मी रस्त्यात उभी राहायचे. हल्ली हे मशीन कुठे दिसत नाही. मागे मावसभावाच्या मुलाचा खडा लेझरने काढला, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरला मी ठिणगीच्या मशीनबद्दल विचारलं. "ओह, दॅट ओल्ड थिंग! काकू, ते आम्ही फक्त पुस्तकात वाचलंय," तो म्हणाला. मी म्हटलं, बरं.

सगळं काम त्या गॅपवर होतं. गॅप नेमका असला तर ठिणगी दर वेळी त्याच जागी पडते. सैल असला तर कधी पडते, कधी चुकते, आणि पडली तरी जागा सोडून पडते. दणका खड्यावर एकवटत नाही, आजूबाजूच्या मांसाला बसतो. म्हणून नाना काम झालं की पोलादाची एक पातळ पट्टी त्या दोन टोकांमध्ये सरकवून बघायचे. पट्टी अडून, किंचित घासून गेली पाहिजे. नुसती सुळकन गेली तर काम पुन्हा. पहिली काही वर्षं ते स्वतःच बघायचे. नंतर मला हाक येऊ लागली.

"वृंदे, पट्टी बसते का बघ."

त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि आम्हीही त्यांना सांगितलं नाही. टेबल खिडकीला आणखी चिकटलं, दिवा मोठा आला, भिंग बदललं. मी पट्टी सरकवायचे आणि म्हणायचे, "सैल आहे, नाना." ते पुन्हा भिंग लावून बसायचे. आधी महिन्यातून एकदा सैल निघायचं, मग आठवड्यातून, मग दर दुसऱ्या खेपेला. एकदा चौथ्यांदा मी "सैल" म्हटलं तेव्हा त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं, चपला घातल्या आणि भर दुपारी बाहेर पडले. दिवेलागणीला परत आले तेव्हा जेवले नाहीत. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "जरा सांभाळून सांगत जा गं. त्यांच्याकडे आता एवढंच उरलंय." मी एकोणीस वर्षांची होते. सांभाळून कसं सांगतात ते मला येत नव्हतं. सैल म्हणजे सैल.

त्याच पावसाळ्यात आईच्या कुशीत कळा सुरू झाल्या. तिने त्या आधी महिनाभर लपवल्या. शेजारच्या लिमये काकूंच्या सांगण्यावरून सकाळी कुळथाचं कढण, अनशापोटी पानफुटीचं पान, टोमॅटो बंद, पालक बंद. शेवटी एके दिवशी पोळ्या लाटता लाटता ती लाटणं हातात धरूनच जमिनीवर आडवी झाली. फोटो काढला. डाव्या मूत्रपिंडात सुपारीएवढा खडा. "लोकांचे खडे फोडून यांनी संसार केला, आणि माझा घरच्या घरी वाढत होता," आई डॉक्टरांना म्हणाली आणि हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते फोटो उजेडाकडे धरून उभेच राहिले. आईचं उजवं मूत्रपिंड जन्मापासूनच सुकलेलं होतं, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. चाळीस-बेचाळीस वर्षं ती एकाच मूत्रपिंडावर पाणी भरत, दळणं आणत, आमच्यावर ओरडत जगली होती, आणि खडा नेमका त्याच एका चांगल्या मूत्रपिंडात होता.

"वहिनींसाठी मी कपाटातलं नवीन इलेक्ट्रोड काढतो," डॉक्टर म्हणाले. "सीलबंद आहे. ठेवलंय एक अडीनडीला."

"का?" नानांनी विचारलं.

"का म्हणजे? एकच किडनी आहे, नाना."

"तुमच्या इतक्या पेशंटांना माझं लावलंत. तेव्हा ते चांगलं होतं. आणि माझ्या घरचं माणूस आलं की लगेच परदेशातलं? मग त्या लोकांना आपण काय लावत होतो, डॉक्टर?"

नाना असेच होते. साहेबाच्या घड्याळाला आणि शिपायाच्या घड्याळाला त्यांनी कधी वेगळं तेल घातलं नाही. आज मला वाटतं की त्यात अर्धा प्रामाणिकपणा होता आणि अर्धा हट्ट, आणि त्यातला हट्ट ओळखायचं काम आमचं होतं. डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "यांच्याच हातचं लावा. परक्याच्या हातात मी कशाला जाऊ?" तिला माहीत होतं. नानांच्या डोळ्याचं तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तरी ती असं म्हणाली, आणि म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

नानांनी त्या इलेक्ट्रोडवर दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, हाक आली. आई नवी साडी नेसून, वेणी घालून, पिशवीत टॉवेल आणि पाण्याची बाटली भरून दाराशी उभी होती. चेहरा कळांनी पिवळा पडला होता, पण नानांकडे ती अशी पाहत होती की जणू आज परीक्षा त्यांची आहे. नाना टेबलाशी बसलेले. त्यांनी इलेक्ट्रोड माझ्या हातात दिलं.

"पट्टी बसते का बघ."

मी पट्टी सरकवली. ती सुळकन गेली. घासली नाही, अडली नाही. मी पुन्हा सरकवून पाहिली, तिरकी धरून पाहिली. माझ्या बोटांना खोटं बोलता येत नव्हतं. नानांच्या उजव्या डोळ्यातली बाहुली दुधाळ झालेली मी इतक्या जवळून त्या सकाळी पहिल्यांदा पाहिली. आई दाराशी. मी एवढंच म्हणायला हवं होतं की सैल आहे. नाना म्हणाले असते, मग सीलबंदच लावा. फार तर महिनाभर घरात कोणी बोललं नसतं.

"बसते," मी म्हणाले.

नानांनी इतक्या मोठ्याने श्वास सोडला की आई हसली. आम्ही रिक्षाने गेलो.

आईला आत नेलं. नाना आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. टाक्. टाक्. टाक्. तो माझ्या आईच्या हृदयाचा ठोका होता, मी त्याच्याबरोबर श्वास घेत होते. मग एक ठोका आला नाही. मग तीन बरोबर आले आणि दोन गळाले. नानांनी मान वाकडी करून कान दिला. घड्याळ अडखळलं की ते असेच कान द्यायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा दोन आले, एक गळाला. मला माहीत होतं काय होतंय ते. बाकावरून उठायचं, चार पावलं चालायचं, दारावर टकटक करायची. कपाटात सीलबंद इलेक्ट्रोड होतं. इलेक्ट्रोड बदलायला पाच मिनिटं लागतात, हे मला डॉक्टरांनीच एकदा दाखवलं होतं.

दार उघडलं आणि डॉक्टरच बाहेर आले. कपाळावर घाम. "ठिणगी चुकतेय मधूनमधून," ते म्हणाले. "वृंदा, गॅप तू बघितला होतास ना?"

"तिनेच बघितलाय," नाना म्हणाले. "दोनदा बघितला. मी समोर होतो."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. वर-खाली. आज माझे केस पांढरे झाले आहेत, आणि आयुष्यात मी पुष्कळदा पुष्कळ गोष्टींना मान हलवली असेल, पण मानेचा तो भार मला आजही जाणवतो.

"मग मशीनचंच काहीतरी असणार. व्होल्टेज चढवतो," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले. त्यानंतरचे ठोके जास्त जोरात होते. तरीही मधले गळतच राहिले.

पहिल्या दिवशी आई खूश होती. गाळणीत बारीक वाळू आली, ती तिने कागदात बांधून नानांना दाखवली. "हे बघा, तुमची करामत." दुसऱ्या दिवशी मऊ भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी लघवी झाली नाही. खड्याची वाळू झालीच नव्हती सगळी. मोठे मोठे तुकडे निघाले होते आणि ते मूत्रनळीत एकामागे एक अडकून बसले होते. ताप चढला. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, पाठीतून नळी घातली, पण तिचं ते एकच मूत्रपिंड आतून सुजून काळंनिळं झालं होतं आणि विष रक्तात गेलं होतं. मधेच शुद्धीवर आली तेव्हा तिने मला विचारलं, "नाना जेवले का?" सातव्या दिवशी सकाळी ती गेली. मी तिच्या उशाशी होते. मी तिलासुद्धा सांगितलं नाही.

मला अधूनमधून लोकांनी समजावलं आहे, म्हणजे ज्यांना अर्धंमुर्धं माहीत होतं त्यांनी, की असे तुकडे नव्या इलेक्ट्रोडनेही अडकू शकले असते. एवढा मोठा खडा, एकच मूत्रपिंड, तेव्हाचं तंत्र. असेलही. मी वाचलं आहे, भरपूर वाचलं आहे. वाचून काही हाती लागलं नाही.

आईच्या दहाव्यानंतर डॉक्टर आमच्याकडे आले. सकाळची वेळ होती. नाना टेबलाशी बसले होते, समोर काही नव्हतं. डॉक्टर उभेच राहिले, त्यांना बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

"नाना," ते म्हणाले, "काय बोलावं मला कळत नाही."

"माझं काम चोख होतं," नाना म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही. "मुलीने पट्टी लावून बघितलं होतं. दोनदा. तुम्ही तिला विचारलंत, तिने सांगितलं. मग व्होल्टेज कोणी चढवलं, डॉक्टर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी जमिनीकडे पाहिलं. ते किती वेळ माझ्याकडे पाहत होते मला ठाऊक नाही. त्यांना कळलं असेल का, हे मी आजवर किती वेळा स्वतःला विचारलं असेल. ते हुशार होते. चुकलेल्या ठिणगीचा आवाज त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकला होता.

"मी चढवलं," ते शेवटी म्हणाले. "टोकं काढून बघायला हवी होती. तो माझा दोष आहे, नाना. मी बघितलं नाही."

"बघितलं असतंत तरी बरोबरच दिसली असती," नाना म्हणाले. "चला आता."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. पहिल्या पायरीवर ते थांबले आणि म्हणाले, "कॉलेज बुडवू नकोस. परीक्षा जवळ आलीय ना?" मी हो म्हटलं. ते कठड्याला धरून उतरत गेले, वाकून, एकेक पायरी बघत.

पुढे वर्षभरात त्यांनी ते मशीन बंद केलं, असं कानावर आलं. लोक म्हणू लागले की सबनिसांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही, आणि आमच्या पेठेत तरी ते म्हणणाऱ्यांत नाना पहिले होते. भेटेल त्याला सांगायचे. तेवढं सांगताना त्यांच्या आवाजात जीव यायचा, नाहीतर दिवसभर घरात शब्द नसायचा. मी त्यांना भाकरी करून वाढत राहिले आणि ऐकत राहिले. अकरा वर्षं.

डॉक्टर त्या काळात दोनदा आमच्याकडे आले. एकदा दिवाळीच्या आधी, एकदा नाना आजारी आहेत असं कळल्यावर. दोन्ही वेळा दार मीच उघडलं. आत खुर्चीत नाना बसलेले, दारातून त्यांचा खांदा दिसत होता. मी म्हटलं, "नाना घरी नाहीत, डॉक्टर." ते म्हणाले, "बरं," आणि दोन्ही वेळा चपला न काढताच खाली उतरले.